बिननावाच्या पाहुण्याचं पान

बाय येणार म्हटल्यावर घरात सगळ्यात जास्त धास्ती घेतली ती मी. बाय म्हणजे माझी नणंद. आमच्याकडे घरातल्या धाकट्या लेकीला बाय म्हणतात, आणि ती चाळिशीला टेकली तरी तिचं बायपण काही सुटत नाही. ती इंग्लंडहून माहेरी येत होती, दोन्ही फुप्फुसं बदलून.

हे मी आल्यागेल्याला सांगायचे आणि समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. २००४ च्या आसपासची गोष्ट. मूत्रपिंड बदललेला एखादा माणूस आमच्या रत्नागिरीत कुणाच्या तरी ओळखीत निघायचा, पण फुप्फुसं? ती कशी बदलतात? बदलेपर्यंत माणूस श्वास कशानं घेतो? मी शाळेत विज्ञान शिकवत असे. दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूनं फुप्फुसं काढायची, पोरांकडून वहीत काढून घ्यायची, परीक्षेत नावं द्यायला सांगायची. त्यामुळे मला सगळं कळतं असा गल्लीचा समज होता. खरं सांगायचं तर मलाही काही कळत नव्हतं. तिकडे कुणी एक तरुण मुलगा गेला, त्याच्या घरच्यांनी होकार दिला, आणि त्याच्या छातीतली हवा आमच्या बायच्या छातीत आली, एवढंच मला ठाऊक होतं. ते आठवलं की हातातलं काम थांबायचं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा बाय कॉलेजात होती. तिचा श्वास पलीकडच्या खोलीतून ऐकू यायचा. लहानपणापासून छाती अधू. पावसाळा लागला की खोकला, खोकल्यामागून ताप, तापामागून मुंबईची वारी. सासूबाई अडुळशाचा काढा उकळत बसायच्या आणि कान तिच्या खोलीकडे. पुढे मुंबईत नोकरी करताना तिला एक समजूतदार मुलगा भेटला, त्यानं आजारासकट तिला पत्करलं, आणि त्याच्या नोकरीपायी दोघं इंग्लंडला गेली. तिथे आजार बळावला. शेवटी शेवटी नाकात नळी आणि सोबत प्राणवायूची टाकी घेऊन ती फोनवर बोलायची. तीन शब्द बोलली की थांबायची. त्या थांबण्यात सासूबाई रिसीव्हर घट्ट धरून उभ्या राहायच्या.

आणि आता ती येत होती. ऑपरेशनला दीडेक वर्ष झालं होतं. तिकडचे डॉक्टर राजी नव्हते, पण तिनं हट्ट धरला. गणपतीला जायचं आणि नवरात्र संपलं की परतायचं.

आमचं घर मांडवीच्या अंगाला, उतारावर. रस्त्यावर रिक्षा सोडायची आणि चिऱ्याच्या पायऱ्या चढून वर यायचं. या पायऱ्या म्हणजे बायचा जुना वैरी. पूर्वी ती तीनदा बसायची. त्या दिवशी माझे यजमान तिला स्टेशनवरून घेऊन आले, तेव्हा सासूबाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे. तोंडाला मास्क बांधलेली बाय खालून निघाली आणि चढत राहिली. थांबली नाही. कठड्याला हात लावला नाही. वर येऊन तिनं आईच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "काय गो आई, कशी आहेस?" एका श्वासात. सासूबाईंनी तिच्या छातीजवळ कान नेला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. काही ऐकू येत नाही, हे त्या ऐकत होत्या.

मी मात्र तिचं मनगट धरलं. माझ्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात ते सहज मावून वर जागा उरली. चेहरा गोळ्यांनी सुजलेला, गोल गरगरीत, त्यामुळे फोटोत कळलं नव्हतं. खाली मात्र नुसता सापळा.

रात्री तिच्या नवऱ्याचा फोन आला. त्यानं मला फोनवर बोलावून घेतलं. "वहिनी, ती खात नाही. इथे सगळे उपाय झाले. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं उत्तम आहेत, पण ती हलवायला बरगड्यांमधले स्नायू लागतात, आणि ते स्नायूच झिजताहेत. वजन आणखी उतरलं तर साधा सर्दी-ताप तिला पेलणार नाही. तुमच्या हातचं खाईल म्हणून पाठवली आहे." बिचारा फोनवर रडला. चणे होते तेव्हा दात नव्हते, आता दात मिळाले तर चणे गिळेनात, अशी गत. मी त्याला म्हटलं, काळजी करू नका, माझ्या हातचं न खाणारा अजून जन्माला यायचाय. फुशारकी मारायला माझ्या वडिलांचं काय जात होतं!

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचं माझं राज्य गेलं आणि नियमांचं आलं. परक्या फुप्फुसांवर शरीरानं चाल करून जाऊ नये म्हणून तिला गोळ्या होत्या, आणि त्या गोळ्यांनी शरीराची लढायची सगळीच ताकद काढून घेतली होती. म्हणजे आपल्या पोटात जे सहज जिरतं त्यानंही तिला आजार व्हायचा. पाणी उकळलेलं. सगळं शिजवलेलं, वाफाळतं, ताबडतोब खायचं. कोशिंबीर नाही. सोलकढी नाही, कारण नारळाचा रस कच्चा. विकतचं दही नाही, उघड्यावरची मिठाई नाही, लोणचं नाही, सुकी मच्छी नाही. परसात पपनसाचं झाड फळांनी लगडलेलं, पण त्याची फोडसुद्धा नाही, कारण ते फळ त्या गोळ्यांचा रक्तातला हिशेब बिघडवतं. मीठ बेताचं, साखर बेताची. एका वेळी थोडंच, पण दिवसातून बऱ्याचदा. प्रत्येक वेळी डाळ, अंडं, मासा असं काहीतरी अंगी लागणारं. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, पोटातलं वर येऊन त्या फुप्फुसांत उतरायला नको. आणि गोळ्यांची वेळ चुकवायची नाही, तिच्याशी जेवणाची वेळ जुळवायची.

मी कंबर कसली. यजमानांना सकाळी मिरकरवाड्याच्या मासळीबंदरावर पिटाळायची. लिलाव संपायच्या आत तिथून पापलेट किंवा सुरमईचा तुकडा बर्फात घालून आणायचा, आणला की लगेच कालवणात. नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण, कुळथाचं पिठलं आणि मऊ भात, पूर्ण उकडलेलं अंडं किसून घातलेला उपमा. विळी, पाट, हात, नखं, सगळं घासूनपुसून. सासूबाईंच्या हातातल्या बांगड्यासुद्धा मी गरम पाण्यात बुडवल्या. त्या म्हणाल्या, "गो, मलाच उकळ एकदाची." पण त्यांनी हात पुढे केला.

बाय प्रत्येक ताटाला बसायची. कधी नको म्हणाली नाही. दोन-तीन घास खायची, मग भात बोटांनी ताटाच्या कडेला सारायची आणि माझ्याकडे बघून अपराध्यासारखी हसायची. "छान झालंय गं वहिनी." छान झालंय तर खा ना बाई! हे मी मनात म्हणायची आणि कधी कधी तोंडानंही. तिला मळमळायचं का? नाही. दुखायचं का? नाही. गोळ्यांनी उलट भूक खवळायला हवी होती, असं आमचे इथले डॉक्टरही म्हणाले. त्यांनी तिला तपासलं तेव्हा स्टेथोस्कोप तिच्या पाठीवरून काढेचनात. जुने घरचे डॉक्टर, तिच्या लहानपणापासून त्यांनी ती छाती ऐकलेली. नळी गळ्यात अडकवून ते मला बाहेर ओटीवर म्हणाले, "आयुष्यभर ज्या खोलीत भांडणं ऐकली, तिथे आज कुणी शांत झोपलंय असं वाटलं." मग वजनकाट्यावरचा आकडा कागदावर लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली.

गणपती आले आणि गेले. बाय मास्क लावून लांब खिडकीत बसायची, धुपाचा धूर तिच्याकडे जाऊ नये म्हणून मी दारात पडदा बांधला होता. तीर्थ तिला द्यायचं नाही यावरून माझा भटजींशी खटका उडाला. तळणीच्या नाही, उकडीच्या मोदकावर माझी सगळी आशा. वाफेतून काढलेला मोदक मी पळत पळत तिच्यापुढे नेला. तिनं अर्धा खाल्ला. अर्ध्याकडे बघत बसली.

त्यात गल्ली. आजारी माणूस माहेरी आलंय म्हटल्यावर आमच्याकडे कुणी हात हलवत येत नाही. रोज कुठून तरी झाकलेलं भांडं यायचं. शेजारच्या चाची तर हटकून. चाची म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली म्हातारी. तिचा नवरा आयुष्यभर बोटीवर होता, मुलगा आखातात, आणि बायला तिनं कडेवर खेळवलेली. तिच्या हातची सांदणं म्हणजे तांदळाचा कण आणि नारळाचं दूध घालून वाफवलेला ढग. पण दुसऱ्याच्या घरून आलेलं, गार झालेलं अन्न बायला चालायचं नाही. परत पाठवावं तर अपमान. मग ती भांडी आम्ही रिकामी करायचो, रिकामं भांडं परत धाडू नये म्हणून त्यात काहीतरी घालून पोचती करायचो, आणि बायनं अंग धरण्याऐवजी माझं आणि यजमानांचं अंग सुटायला लागलं. चाची दोन परसांमधल्या दगडी गडग्यावरून हाक मारून विचारायची, "बायनं खाल्लान काय गो?" मी म्हणायची, "हो तर!" शेवटी एक दिवस मीच जाऊन तिला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "असां हाय होय. मग मी तुझ्या चुलीवर येऊन करीन. हात धुवायला सांग, पाय धुवायला सांग, म्हणशील तर आंघोळ करून येईन." आणि खरंच आली. आमच्या शेगडीपुढे बसून, माझ्या उकळलेल्या भांड्यात तिनं सांदणं वाफवली. बाय तिच्या गळ्यात पडली. खाल्लं मात्र एकच.

त्या दुपारी माझा बांध फुटला. सासूबाई मागल्या पडवीत वाल सोलत होत्या. मी बायपुढे बसले आणि म्हटलं, "बाय, मी हरले. तुला काय हवंय ते तरी सांग. तुझा नवरा तिकडे फोनपाशी बसून असतो. आई देवाला काय काय बोलली आहे ते मला ठाऊक आहे. तुला जगायचं नाही का?"

ती म्हणाली, "वहिनी, मी ज्या दिवसाची वाट बघत होते ना, तो दिवस म्हणजे कुणाच्या तरी घरी प्रेत यायचा दिवस होता. मी हॉस्पिटलात फोनची वाट बघत बसायचे. म्हणजे कशाची वाट बघत होते मी? एक नर्स चुकून बोलून गेली, तरुण होता म्हणून. त्याला आई असेल. ती जेवायला बसत असेल तेव्हा तिच्या टेबलावर एक ताट कमी असेल. आणि मी इकडे गरम गरम मोदक खायचे? पहिला घास जातो. दुसऱ्याला तो आठवतो. घसा बंदच होतो गं."

फुप्फुसं बदलता येतात, स्नायूंना काय लागतं ते मोजता येतं, पण या दुखण्याला मी कसलं कढण करून घालणार होते? आम्ही दोघी रडलो.

पडवीतून सासूबाईंचा आवाज आला. "त्याचा म्हाळ घातलास काय कधी?"

आम्ही वळून पाहिलं. त्या सोललेल्या वालांची सालं झटकत उठून आल्या. "पितरांचा पंधरवडा सुरू झालाय. आपल्या घरच्या सगळ्यांना पान ठेवतो आपण. ज्यानं पोरीला श्वास दिलान त्याला नको? दीड वर्ष तो उपाशी हाय, म्हणून ही पण उपाशी."

मी विज्ञानाची शिक्षिका. एरवी मी म्हाळाचे वडे तळताना देखील कुरकुरायची, की जिवंतपणी विचारलं नाही त्यांना आता खीर कशाला. पण बायच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत कसली तरी उत्सुकता आली होती. "पण आई, मला त्याचं नावही ठाऊक नाही."

"तिथी तर ठाऊक हाय? तुझं ऑपरेशन झालं ती त्याची तिथी."

खरंच की. आमच्याकडे लोकांना नाव माहीत असतं आणि तिथी विसरलेली असते. इथे उलटं होतं. सासूबाईंनी कपाटातून जुनं पंचांग काढलं. आता प्रश्न असा आला, की तिकडे तेव्हा रात्र होती आणि इकडे पहाट, तर तिथी कुठली धरायची? यजमान म्हणाले तिकडची, मी म्हटलं इकडची, कारण म्हाळ इकडे घालतोय. सासूबाईंनी आम्हा दोघांकडे कीव केल्यासारखं बघितलं. "तिथी चंद्राची असते. तो काय तिकडे दुसरा हाय?" मी वर्गात चंद्राच्या कला शिकवते आणि मला हे सुचलं नव्हतं. पंचांगात दशमी निघाली. म्हाळाची दशमी पुढल्याच आठवड्यात होती.

भटजींना विचारायला यजमान गेले. माझ्याशी त्यांचं बोलणं बंद होतं. ते म्हणाले, परका असला, परदेशी असला तरी ज्याचे उपकार आहेत त्याला पान ठेवायला कुठलं शास्त्र आडवं येत नाही. ज्याचं गोत्र ठाऊक नसतं त्याचं काश्यप. असं आमच्या घरी एका इंग्रज पोराला गोत्र मिळालं.

मग स्वयंपाकाचं. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पानात एक तरी असावं लागतं. सासऱ्यांच्या पानावर आम्ही विडी ठेवतो. आता याला काय आवडत असेल? बाय म्हणाली, "मला काय ठाऊक?" चाची गडग्याशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिच्या घरीही गेलेल्यांच्या नावानं अन्नावर फातिहा पढतात, त्यामुळे तिला यात काही नवल वाटलं नाही. तिचा नवरा गोऱ्या कप्तानाच्या बोटीवर होता, म्हणून या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. "उकडलेला बटाटा आणि पाव," ती म्हणाली. "माझा माणूस सांगायचा, मसाला लागला की त्यांना ठसका लागतो. वडे जरा बेतानंच तिखट करा." सासूबाईंना ते पटलं. पण त्यांनी वडेही करायचे ठरवले. आपल्या घरी पहिल्यांदा येतोय, आपल्याकडचं काही नको?

दशमीला सकाळपासून घरात एक वेगळंच वातावरण होतं. आमच्या घरच्यांचा म्हाळ असतो तेव्हा आम्ही त्या माणसाबद्दल बोलतो, त्याच्या खोड्या आठवतो. या माणसाबद्दल बोलायला कुणाकडेच काही नव्हतं, आणि म्हणून की काय, सगळे हळू आवाजात बोलत होतो. बायनं मागून घेऊन स्वतः बटाटे सोलले. वाल, भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, वडे. केळीचं पान वाढून यजमानांनी ते गडग्यावर ठेवलं, पावाचा तुकडा आणि बटाटा समोर दिसेल असा. पाणी फिरवलं. सगळ्यांनी हात जोडले. भिंतीपलीकडे चाचीनं डोक्यावर पदर घेऊन दोन्ही हात उघडले.

आणि कावळा येईना.

एरवी आमच्या परसात कावळ्यांनी उच्छाद मांडलेला असतो. पण तेव्हा मासेमारीचा हंगाम नुकता सुरू झालेला. मिरकरवाड्यावर ताजी मच्छी सांडत असताना आमच्या भोपळ्याला कोण विचारतो? यजमानांनी का, का केलं. चाचीनं केलं. मांजर आलं, त्याला हाकललं. वेळ चालली होती. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही, आणि इकडे बायच्या जेवणाची वेळ होऊन गेलेली, मागून गोळ्यांची वेळ येत होती. मी चिडून म्हटलं, "दर्भाचा कावळा करा आणि शिववा!" एरवी करतात लोक. पण बाय गडग्याकडे डोळे लावून उभी होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती हळूच म्हणाली, "त्याला नाही आवडलं, वहिनी. त्याला माझं काही नकोय." मास्कवरून पाणी ओघळायला लागलं.

मला त्या क्षणी भीती वाटली. आम्ही हे करायला नको होतं. आता ही एक घासही खाणार नाही, असंच मनात आलं.

सासूबाई इतका वेळ पायरीवर बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आम्ही पण खुळी ती खुळीच! कावळा कसा येईल? कावळा येतो तो गेलेल्या माणसाचा. हा कुठे गेलाय पुरता? हा काय इथे उभा हाय."

आणि त्यांनी बायच्या छातीकडे बोट दाखवलं.

गडग्यापलीकडून चाची म्हणाली, "या अल्ला," आणि तिनं पदर तोंडाला लावला. मी इतकी वर्षं फळ्यावर ती दोन फुप्फुसं काढत होते, बायचे नियम पाळत होते, पण माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात, कुणा लांबच्या आईचा मुलगा अजून श्वास घेत उभा आहे हे मला तोवर दिसलं नव्हतं. दिसलं आणि मी नुसती बघत राहिले.

"जिवंत माणसाला गडग्यावर वाढतात काय?" सासूबाई माझ्यावर खेकसल्या. "पाट मांड. गरम वाढ."

मी धावले. बाहेरचं पान उघड्यावरचं, ते बायला चालणार नव्हतं. नवं पान धुऊन पुसून मांडलं. डाळ-भात, उसळ पुन्हा सणसणीत गरम केली, कढई चढवली, वडा सोडला. बायला सासूबाईंनी पाटावर बसवलं, मास्क काढला आणि स्वतः तिच्या समोर मांडी ठोकून बसल्या. लेकीच्या तोंडाकडे बघून नाही, तर खाली, तिच्या छातीकडे बघून, नव्या जावयाशी किंवा लांबून आलेल्या पाहुण्याशी बोलतात तशा त्या बोलायला लागल्या.

"जेव रे बाबा. लाजू नको. लांबून आलास, दमलास. तुझ्या आईला कळत नसेल तू कुठे आहेस तां, पण मी हाय इथे. मी पण आईच. तुला पोटभर वाढल्याबगर मी उठायची नाय. हे वाल माझ्या परसातले. वडा गरम हाय, फुंकून खा."

बायनं वडा मोडला. घास तोंडात घातला आणि रडत रडत चावायला लागली. मी कढईपाशी झारा हातात धरून उभी. दुसरा घास गेला. दुसऱ्याला घसा बंद होतो असं ती म्हणाली होती, म्हणून मी श्वास रोखून बघत होते. तिसरा गेला. सासूबाई बोलतच होत्या, कुणाकुणाच्या आठवणी, पावसाचं, यंदा भात कसं आलंय त्याचं, सगळं त्या मुलाला सांगत होत्या. बाय भात कालवत होती. कडेला सारत नव्हती, कालवत होती. पानातली उसळ संपली. मी तळणीतला वडा निथळायला धरला होता, तो निथळेपर्यंत तिचा हात पुढे आला.

"वहिनी, आणखी वाढ," ती नाक पुसत म्हणाली. "त्याला भूक आहे अजून."

मी वाढलं. घाईघाईत वडा पानाच्या बाहेर पडला, आणि नियम मोडायला नको म्हणून मी तो उचलून दुसरा वाढला. सासूबाईंनी पुढे सरकून लेकीच्या पाठीवर तळवा ठेवला होता. त्या तळव्याखाली परक्या घरचा मुलगा शांतपणे श्वास घेत होता, आणि आमची बाय जेवत होती.